मेंटेनन्समधून ॲसेट हेडच्या खुर्चीपर्यंत: मधल्या फळीतल्या इंजिनिअरसाठी सविस्तर वाटाड्या

पंधरा-अठरा वर्षं प्लांट सांभाळलेल्या माणसाची एक ठरलेली तक्रार असते. रात्री दोनला ट्रिपिंग झालं की फोन त्याला, शटडाउन चार दिवस लांबलं की बोलणी त्याला, आणि वरची खुर्ची रिकामी झाली की ती मिळते फायनान्समधून आलेल्या नाहीतर बाहेरून आणलेल्या कुणाला तरी. तक्रार खोटी नाही. पण निवड करणाऱ्यांच्या बाजूला बसलं की आणखी एक गोष्ट दिसते. या माणसाने वर पाठवलेल्या प्रत्येक कागदावर यंत्राची तब्येत लिहिलेली असते, पैशाचा आणि जोखमीचा आकडा कुठेच नसतो. ‘बेअरिंगचं व्हायब्रेशन वाढले आहे, तातडीने बदलणे आवश्यक.’ तातडीने म्हणजे कधी, नाही बदललं तर किती रुपयांचा फटका बसेल, आणि हेच पैसे दुसऱ्या यंत्रावर घातले तर जास्त उपयोग होईल का? हे प्रश्न वरचे विचारतात आणि उत्तर दुसराच कुणीतरी देतो. तो दुसरा ॲसेट हेड होतो.

दलाल स्ट्रीटवर ॲसेट मॅनेजमेंट म्हटलं की म्युच्युअल फंड डोळ्यांसमोर येतात. इथे तो विषय नाही. इथे बोलायचंय ते सबस्टेशन, टोलरस्ता, जलवाहिनी, ऑफिसची इमारत, सोलर पार्क अशा हाताला लागणाऱ्या मालमत्तांबद्दल, आणि त्या चालवणाऱ्यांना वर नेणाऱ्या वाटेबद्दल.

पहिलं पाऊल: मालक कोण झालाय ते बघा

ही पदं आत्ता का निघतायत, हे कळलं तर अर्ज कुठे करायचा तेही कळतं. सेबीने 2014 मध्ये रीट (भाड्याच्या इमारती बाळगणारा) आणि इन्व्हिट (रस्ते, वीजवाहिन्यांसारख्या पायाभूत मालमत्ता बाळगणारा) या दोन प्रकारच्या ट्रस्टसाठी नियम आणले. 2017 मध्ये आयआरबीचा रस्त्यांचा आणि इंडिग्रिडचा वीजवाहिन्यांचा इन्व्हिट बाजारात नोंदला गेला, 2019 मध्ये एम्बसीचा पहिला रीट आला. 2021 मध्ये पॉवरग्रिडचा आणि राष्ट्रीय महामार्ग प्राधिकरणाचा इन्व्हिट आला. त्याच वर्षी केंद्राने चार वर्षांत 6 लाख कोटी रुपयांच्या सरकारी मालमत्तांतून पैसा उभा करायचा कार्यक्रम जाहीर केला. मुंबई-पुणे एक्स्प्रेसवेची टोलवसुली आणि देखभालही 2020 मध्ये बहुतेक पैसे आधीच मोजून ठरावीक मुदतीसाठी खासगी कंपनीकडे गेली.

म्हणजे बांधणारा आणि बाळगणारा आता वेगवेगळा झाला. बाळगणारा पेन्शन फंड असेल, विमा कंपनी असेल; त्याला काँक्रीटची ग्रेड कळत नाही, आणि कळायची गरजही नाही. इन्व्हिटला वाटपयोग्य रोखीपैकी किमान 90 टक्के रक्कम युनिटधारकांना द्यावी लागते. अशा ठिकाणी एखादा मोठा बिघाड पुढच्या वर्षाच्या नफ्यात मुरवून टाकता येत नाही, लगेच वाटपात दिसतो. म्हणून या ट्रस्टचा कारभार बघणाऱ्या इन्व्हेस्टमेंट मॅनेजरच्या ऑफिसात एक तरी माणूस असा लागतो, जो सकाळी कंत्राटदाराशी रोलरच्या पासांवर भांडेल आणि दुपारी रेटिंग एजन्सीला पुढच्या पाच वर्षांचा देखभालखर्च समजावून सांगेल. अशी माणसं कमी आहेत. संधी म्हणतात ती हीच.

दुसरं पाऊल: क्षेत्र निवडा, पण पगारावरून नाही

वीजवहनातून आलेल्यांना वाट सगळ्यात सोपी. तिथे उपलब्धतेवरच, म्हणजे लाइन किती वेळ चालू राहिली त्यावरच, उत्पन्न ठरतं. स्पर्धात्मक निविदेतून उभारलेल्या एसी लाइनला साधारण 98 टक्क्यांचं लक्ष्य असतं. त्यामुळे ‘आउटेज घेऊ का पुढे ढकलू’ हा निर्णय पैशाचा आहे, हे अंगवळणी पडलेलं असतं. महापारेषण, महानिर्मितीतला अनुभव इथे खणखणीत चालतो. फक्त तो सांगायची भाषा बदलावी लागते.

रस्त्यांमध्ये खरा खेळ ओव्हरलेच्या वेळेचा. दर काही वर्षांनी डांबराचा नवा थर टाकावा लागतो आणि त्याचा खर्च त्या वर्षाची सगळी रोकड खाऊन टाकतो. कर्ज देणाऱ्यांनी त्यासाठी वेगळं राखीव खातं ठेवायला लावलेलं असतं. एफडब्ल्यूडीची (रस्त्यावर वजन आपटून तो किती दबतो ते मोजणारी) चाचणी करून रस्त्याचा कुठला तुकडा अजून दोन पावसाळे काढेल आणि कुठला या पावसाळ्यातच फुटेल हे सांगणारा इंजिनिअर ट्रस्टला टोल मॅनेजरपेक्षा महत्त्वाचा. हायब्रिड ॲन्युइटीच्या रस्त्यांवर तर टोलचा प्रश्नच नाही. प्रकल्पखर्चाचा 40 टक्के भाग सरकार बांधकामाच्या काळात देतं, उरलेला पुढच्या वर्षांत हप्त्यांनी येतो आणि देखभाल ढिली पडली की कपात होते.

सौर आणि पवन ऊर्जेत माणसं तरुण आहेत आणि पदं झपाट्याने वर जातात. ‘हेड’ म्हणवणाऱ्याकडे आठच वर्षांचा अनुभव असतो, हेही होतं. साताऱ्याच्या वनकुसवडे पठारावरच्या जुन्या पवनचक्क्यांचं उदाहरण घ्या. नव्वदच्या दशकाच्या शेवटी उभ्या राहिलेल्या त्या लहान क्षमतेच्या चक्क्या जागेवर चालू ठेवायच्या, की काढून मोठ्या बसवायच्या? वारा तिथे उत्तम आहे, जागा मात्र अडकून पडली आहे. जमिनीची मालकी, वीजखरेदी करार, ग्रीडची जोडणी, जुन्या चक्कीचं भंगारमूल्य असं सगळं एकत्र मांडून उत्तर द्यावं लागतं. केंद्राचं रीपॉवरिंग धोरण 2016 मध्ये आलं आणि 2023 मध्ये सुधारलं. या विषयावर दोन तास बोलू शकणाऱ्या माणसाला काम शोधावं लागत नाही.

व्यावसायिक इमारतींत चिलर, लिफ्ट, डीजी सेट सांभाळणारे फॅसिलिटी मॅनेजर खूप असतात. भाडेकरार वाचणारा फॅसिलिटी मॅनेजर क्वचित. ऐरोली, येरवडा, हिंजवडी या पट्ट्यात रीटच्या आणि फंडांच्या मालकीच्या इमारती भरपूर आहेत. लॉक-इन (भाडेकरूला जागा सोडता येत नाही तो काळ) कधी संपतो, देखभालशुल्कात काय धरलंय आणि काय मालकाच्या अंगावर आहे, हे कळायला लागलं की प्रॉपर्टी मॅनेजरचा ॲसेट मॅनेजर होतो. नवी मुंबईतली डेटा सेंटरं हे याचंच जास्त कडक रूप. तिथे चूक मिनिटांत मोजतात.

पाणी आणि महापालिका हे क्षेत्र लोक टाळतात. मला ते सगळ्यात सकस वाटतं. कराडजवळच्या मलकापूरसारख्या लहान गावाने मीटर लावून चोवीस तास पाणी देऊन दाखवलं. मोठ्या शहरांना अजून आपल्या जमिनीखालच्या पाइपांचं वय नीट माहीत नसतं. 2 ऑगस्ट 2016 च्या रात्री महाडजवळ सावित्री नदीवरचा ब्रिटिशकालीन दगडी पूल वाहून गेला, एसटीच्या दोन बस गेल्या. त्यानंतर राज्यभरातल्या जुन्या पुलांच्या तपासणीचा विषय ऐरणीवर आला. तपासणीचे अहवाल होतात. कुठला पूल आधी, कुठला नंतर, आणि तोवर कुठल्यावरून जड वाहनं बंद, असा क्रम लावणारं खातं मात्र कमी ठिकाणी आहे. सल्लागार कंपन्यांत या कामाला जागा आहे. पैसा उशिरा येतो, ही तयारी ठेवा.

कारखान्यांबद्दल फार सांगत नाही. तिथे ही वाट जुनी आहे: रिलायबिलिटी, मग प्लांट हेड, मग ऑपरेशन्स. परदेशाचं म्हणाल तर ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड आणि ब्रिटनच्या पाणी व रेल्वे क्षेत्रात हा विषय मुरलेला आहे. आखातात मराठी मेंटेनन्सवाले भरपूर आहेत, पण वरची पदं तिथे अजून बहुतेकदा सल्लागारांच्या हाती असतात.

तिसरं पाऊल: स्वतःचं रजिस्टर लिहा

बायोडेटा नंतर. आधी एक वही घ्या आणि आजवर तुमच्या ताब्यात असलेल्या मालमत्ता लिहून काढा. प्रत्येकीसमोर तिची आजच्या भावाने बदलायची किंमत, तुम्ही ताबा घेतला तेव्हाचं वय, आणि तुमच्या काळात तिच्याबद्दल घेतलेले निर्णय. ‘निर्णय’ या रकान्यावर घोडं अडतं. पीएम (ठरलेल्या वेळेची देखभाल) वेळेवर केलं हा निर्णय नाही, ती ड्यूटी. ओव्हरहॉल एक वर्ष पुढे ढकलला, दोन लहान पंपांऐवजी एक मोठा घेतला, स्पेअर रोटर स्टोअरमध्ये न ठेवता शेजारच्या प्लांटशी वाटून घेतला, हे निर्णय. दहा वर्षांत असे सात-आठ तरी निघतात. फक्त कुणी कधी विचारलेलं नसतं.

या वहीतून बायोडेटाच्या ओळी आपोआप निघतात. ‘132 केव्ही सबस्टेशनच्या देखभालीची जबाबदारी सांभाळली’ या ओळीने काही कळत नाही. ‘सात सबस्टेशन, चार ट्रान्सफॉर्मर बदलायचा प्रस्ताव होता, तपासणीअंती दोन बदलले, दोघांचं आयुष्य वाढवलं, मंजूर बजेटच्या निम्म्यात काम’ ही ओळ वाचून माणूस खुर्चीत पुढे सरकून बसतो. कंपनीचे गोपनीय आकडे मात्र बाहेर नेऊ नका. टक्केवारीत लिहा, मुलाखत घेणाऱ्यालाही ते जास्त आवडतं, कारण उद्या त्याचे आकडे तुमच्याकडे असणार आहेत.

चौथं पाऊल: एका पानाची टिप्पणी लिहायला शिका

हे सगळ्यात महत्त्वाचं, म्हणून इथे थांबतो. आकडे समजण्यापुरते घेतले आहेत. पद्धत खरी आहे.

25 वर्षांचा एक पॉवर ट्रान्सफॉर्मर. तेलाच्या डीजीए (तेलात विरघळलेल्या वायूंची तपासणी) रिपोर्टमध्ये इथिलीन हळूहळू चढतंय, ॲसिटिलीन नाही. म्हणजे आत कुठेतरी जोडणी तापत असावी, आर्किंग मात्र दिसत नाही. नेहमीची टिप्पणी: ‘ट्रान्सफॉर्मर जुना झाला असून बदलणे योग्य राहील.’

आता हीच गोष्ट पैशात. आहे तसा ठेवला तर वर्षाला निकामी होण्याची शक्यता 4 टक्के धरू. निकामी झाला तर दुरुस्ती, दंड आणि बुडालेलं उत्पन्न मिळून 6 कोटी. म्हणजे वर्षाची जोखीम 24 लाख. 35 लाख खर्चून तेलाचं रीजनरेशन (शुद्धीकरण) केलं, बुशिंग बदलले, आतल्या जोडण्या तपासून घेतल्या तर शक्यता 2 टक्क्यांवर येते, जोखीम 12 लाख. नवा आणला तर 4 कोटी, शक्यता अर्धा टक्का, जोखीम 3 लाख. भांडवलावर 9 टक्के व्याज धरलं तर नव्याचं नुसतं व्याज वर्षाला 36 लाख आणि वाचतात 21 लाख. दुरुस्तीचं व्याज 3 लाख 15 हजार, वाचतात 12 लाख. घसारा तर अजून धरलेलाच नाही. दुरुस्ती करा, नवा नको.

पण हाच ट्रान्सफॉर्मर औष्णिक केंद्राच्या युनिटला एकटाच जोडलेला असेल, तो गेला की युनिट बंद आणि नवा यायला महिनोन् महिने, तर नुकसान 6 नाही, 25 कोटी. दुरुस्तीनंतरची जोखीम 50 लाख, नव्याची साडेबारा लाख. म्हणजे नव्याने वर्षाला साडेसदतीस लाख जादा वाचतात आणि जादा घातलेल्या 3 कोटी 65 लाखांचं व्याज 33 लाखांच्या आतच आहे. इथे नव्याचं पारडं जड होतं. मग स्पेअर एक आणून तीन युनिटांत वाटून घेता येईल का, हा पुढचा प्रश्न विचारायचा. यंत्र तेच, तेल तेच, रिपोर्ट तोच. जागा बदलली आणि निर्णय उलटला.

4 टक्के कुठून आणले, असं संचालक विचारणारच. ‘आपल्या ताफ्यातले गेल्या वीस वर्षांतले बिघाड आणि या रिपोर्टचा कल’ हे उत्तर पुरतं. दशांश चिन्हापर्यंतची अचूकता कुणी मागत नाही. शक्यता 2 ते 6 टक्क्यांत कुठेही असली तरी निर्णय बदलतो का, ते आधीच तपासून ठेवा आणि टिप्पणीच्या खाली एका ओळीत लिहा. ती एक ओळ अनुभवी माणसाची खूण आहे. अशी टिप्पणी महिन्याला एक, आहे त्याच नोकरीत, कुणी मागितली नाही तरी लिहा.

पैशाची भाषा त्यासोबत शिकावी लागते, पण त्याला एमबीए लागत नाही. तुमच्या कंपनीचा वार्षिक अहवाल काढा आणि स्थावर मालमत्ता व यंत्रसामग्रीची टीप वाचा. कंपनी कायद्याच्या दुसऱ्या अनुसूचीत सर्वसाधारण यंत्रसामग्रीला 15 वर्षं, कारखाना सोडून इतर काँक्रीटच्या इमारतीला 60 आणि लॅपटॉपला 3 वर्षं आयुष्य धरलं आहे. पुस्तकात शून्यावर आलेला पंप तुमच्याकडे मजेत चालतो, आणि पुस्तकात धडधाकट असलेला चिलर मोडीत गेलेला असतो. अकाउंट्सच्या माणसाबरोबर एक दुपार बसून हे दोन रकाने जुळवले की निम्मं फायनान्स कळलं समजा.

पाचवं पाऊल: सर्टिफिकेट एक पुरे

या विषयाचं जागतिक मानक आयएसओ 55001. मूळ ब्रिटनच्या पास 55 मधलं; आयएसओ म्हणून 2014 मध्ये आलं, 2024 मध्ये सुधारलं. आधी आयएसओ 55000 वाचा. ते लहान आहे आणि मुलाखतीतले शब्द त्यातूनच येतात. परीक्षा द्यायचीच तर ब्रिटनच्या इन्स्टिट्यूट ऑफ ॲसेट मॅनेजमेंटचं सर्टिफिकेट किंवा डिप्लोमा; परदेशी सल्लागार कंपनीत जायचं असेल तर कामा हे असेसरचं प्रमाणपत्र; कारखान्यात राहायचं असेल तर सीएमआरपी हे मेंटेनन्स आणि रिलायबिलिटीचं प्रमाणपत्र. ऊर्जेचा खर्च मोठा असलेल्या क्षेत्रात बीईईची (केंद्राच्या ब्युरो ऑफ एनर्जी एफिशियन्सीची) एनर्जी ऑडिटर परीक्षा आपल्याकडे या सगळ्यांपेक्षा जास्त कामाला येते, कारण तिला कायद्याचा आधार आहे. चाळिशीनंतर नावापुढे चार-पाच अक्षरसमूह लावणारा उमेदवार मला जरा संशयास्पदच वाटतो; एवढा अभ्यास केला तर प्लांट कोण बघत होतं?

सहावं पाऊल: मुलाखत आणि करार

या पातळीवरच्या जागा पोर्टलवर येतात तेव्हा बहुतेकदा आत कुणीतरी ठरलेलं असतं. ओळख वाढते ती कर्ज देणाऱ्या बँकेच्या इंडिपेंडंट इंजिनिअरकडून, रेटिंग एजन्सीच्या विश्लेषकाकडून, विम्याच्या सर्व्हेअरकडून. ते तुमच्या साइटवर येतात तेव्हा ज्युनिअरला पाठवून मोकळे होऊ नका, स्वतः फिरवा. दहा कंपन्यांच्या साइट बघणारी ही माणसं आहेत. चांगला माणूस कुठे आहे ते त्यांनाच विचारलं जातं.

मुलाखतीत तीन प्रश्न हमखास: बजेट 20 टक्के कापलं तर काय बंद कराल, कुठला खर्च तुम्ही स्वतःहून नाकारला, आणि तुमच्या हाताखालून अपघात झाला का. तिसऱ्याला गोलगोल उत्तर देणाऱ्याला घेत नाहीत.

ऑफर आली की पगाराआधी आर्थिक अधिकारांचा तक्ता मागा. पन्नास लाखांच्या स्पेअरसाठी तीन सह्या लागत असतील तर पद हेडचं, काम मात्र इंजिनिअरचंच.

सातवं पाऊल: पहिले तीन महिने

नव्या जागी गेल्या गेल्या लोक सॉफ्टवेअर विकायला येतील. सहा महिने थांबा. मॅक्सिमो असो की सॅप, त्यात घातलेला कचरा कचराच राहतो. आधी रजिस्टर हातात घेऊन साइटवर चाला, आणि सोबत जुना फिटर घ्या, मॅनेजर नको.

“हा पंप क्रमांक चार कुठाय हो?”

“साहेब, तो दोन वर्षांपूर्वीच भंगारात गेला. हा जो चालतोय ना, हा दुसऱ्या साइटवरून आणलाय. याला नंबरच नाही.”

अशा जागा निघतातच. भंगारात गेलेल्या पंपाचा विमा चालू असतो, आणि चालणाऱ्याचा नसतो. ऑडिटरला 2020 च्या कारो (कंपनीच्या ऑडिट अहवालात काय लिहायचं ते सांगणाऱ्या) आदेशाप्रमाणे कंपनी मालमत्तांची योग्य नोंद ठेवते का, ठरावीक काळाने प्रत्यक्ष पडताळणी करते का, यावर लिहावं लागतं. त्यामुळे हे काम हाती घेतलंत तर सीएफओ पहिल्या महिन्यातच तुमच्या बाजूला येतो. दुसऱ्या महिन्यात सगळ्यात महाग दहा मालमत्तांवर एकेक पानाची टिप्पणी. तिसऱ्यात पुढच्या पाच वर्षांच्या खर्चाचा कच्चा आराखडा. त्याहून जास्त काही करायला जाऊ नका, माणसं अजून तुम्हाला जोखतायत.

त्याच्याही वर

केंद्राच्या सार्वजनिक उपक्रमांतली संचालकपदं पीईएसबी (पब्लिक एंटरप्रायझेस सिलेक्शन बोर्ड) मार्फत भरली जातात. वयाला खालची मर्यादा असते. आतल्या उमेदवाराची किमान दोन वर्षं नोकरी शिल्लक हवी, बाहेरच्याची तीन. साठाव्या वर्षी निवृत्ती असलेल्या ठिकाणी बाहेरच्याला सत्तावन्ननंतर दार बंद, हे लक्षात ठेवून उलटं मोजा. राज्याच्या वीज कंपन्यांतल्या संचालकपदांच्या जाहिराती वर्तमानपत्रांत येतात. त्या बघत राहा.

स्वतंत्र संचालक व्हायचं असेल तर मानेसरच्या आयआयसीएच्या (इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ कॉर्पोरेट अफेअर्सच्या) डेटाबँकेत नाव नोंदवून ऑनलाइन चाचणी द्यावी लागते, उत्तीर्ण व्हायला 50 टक्के. सूट असलेल्यांचे नियम वेगळे आहेत, ते तिथेच वाचा. चाचणी अवघड नाही. अवघड आहे ती जबाबदारी: कारखान्याच्या कायद्यात कंपनीचा ऑक्युपायर, म्हणजे कारखान्याचा अंतिम ताबा असलेला माणूस, म्हणून संचालकालाच धरतात (नव्या कामगार संहितेत स्वतंत्र संचालक यातून वगळलाय), आणि अपघात झाला की नाव त्याचं येतं. त्यामुळे संमतिपत्रावर सही करण्याआधी तीन कागद मागून घ्या: गेल्या तीन वर्षांचे सुरक्षेचे अहवाल, ऑक्युपायर म्हणून आत्ता कुणाचं नाव आहे त्याची नोंद, आणि संचालकांच्या दायित्व विम्याची पॉलिसी. पॉलिसीत काय वगळलंय ती पानं वकिलाकडून वाचून घ्या.